मोबाइल टॉवर, पाण्याची टाकी आणि अजिंठ्याचा स्तूप... चिनी भाषेत तिघांसाठी एकच अक्षर का?

मुकुंदवाडीतील एखाद्या गच्चीवर उभे राहून चहूकडे नजर टाकली, तर उंच गोष्टी मोजक्याच दिसतात. मोबाइलचा टॉवर, पाण्याची उंच टाकी, विजेच्या तारा पेलणारा लोखंडी मनोरा आणि चिकलठाणा विमानतळाच्या बाजूला कंट्रोल टॉवर. मराठीत या चौघांची नावे वेगवेगळी. चिनी भाषेत मात्र चारही नावांत एक अक्षर हमखास येते. त्या अक्षराचा मूळ अर्थ ना टॉवर, ना टाकी. त्याचा मूळ अर्थ आहे स्तूप. तोच स्तूप, जो याच शहराच्या डोंगरात, वेरूळला आणि अजिंठ्याला दगडात कोरलेला आहे.

हे अक्षर चिनी लोकांनी आपल्या जुन्या साठ्यातून काढलेले नाही. भारतातून आलेला एक शब्द लिहिता यावा म्हणून ते तयार झाले. पुढे ते जपान, कोरिया आणि व्हिएतनामपर्यंत पोहोचले. या प्रवासात एक वादही झाला आणि त्या वादातील मुख्य व्यक्ती महाराष्ट्रात येऊन गेली होती. शब्दाचे 'शुद्ध' रूप टिकते की लोकांच्या तोंडी बसलेले, हा वाद मराठी माणसाला नवा नाही. या अक्षराच्या निमित्ताने त्याचे एक उत्तर मिळते.

हे अक्षर दिसते कसे?

चिनी लिपीत आपल्यासारखी बाराखडी नाही. तेथे साधारणपणे एक अक्षर म्हणजे एक उच्चार आणि एक अर्थ. स्तूपाच्या अक्षराचा आजचा चिनी उच्चार आहे 'था'. ते पाहायचे असेल तर फोनमधील भाषांतराच्या ॲपमध्ये 'टॉवर' लिहून चिनी भाषा निवडा. समोर जे एकच अक्षर येईल, ते हेच.

या अक्षराचे दोन भाग आहेत. डावीकडे उभ्या रेघेवर दोन आडव्या रेघा असलेले छोटे चिन्ह आहे. त्याचा अर्थ माती किंवा जमीन. उजवीकडचा भाग हे स्वतंत्र जुने अक्षर आहे. त्याच्या डोक्यावर गवताचे चिन्ह असून प्राचीन चिनी कोशात त्याचा अर्थ एक बारीक कडधान्य असा दिला आहे.

माती आणि कडधान्य यांचा स्तूपाशी काय संबंध? मातीचा आहे, कारण स्तूप मुळात मातीचा ढिगारा. कडधान्याचा काहीही नाही. ते अक्षर केवळ उच्चारासाठी उसने घेतले आहे. म्हणजे डावा भाग सांगतो 'हे मातीसंबंधी आहे' आणि उजवा भाग सांगतो 'याचा उच्चार साधारण असा करा'. चिनी भाषेतील बहुसंख्य अक्षरे याच पद्धतीने बनलेली आहेत. त्यामुळे प्रत्येक चिनी अक्षर म्हणजे एक चित्र, हा आपल्याकडचा समज बराचसा चुकीचा आहे.

नवे अक्षर का लागले?

बौद्ध धर्म चीनमध्ये पोहोचला तो इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत. त्याच्याबरोबर अशा अनेक गोष्टी गेल्या, ज्यांना चिनी भाषेत शब्दच नव्हते. स्तूप ही त्यातील एक. बुद्धाचे किंवा थोर भिक्खूंचे अवशेष ठेवून त्यावर उभारलेली, प्रदक्षिणा घालण्याची वास्तू चीनमध्ये नव्हती.

सुरुवातीला हाती असलेल्या अक्षरांवर काम भागवले गेले. 'फू-थू' असा एक शब्द वापरात आला. तो मुळात 'बुद्ध' या शब्दाचे चिनी रूप होता, पण स्तूपालाही तोच लावला जाऊ लागला. व्यक्ती आणि वास्तू यांना एकच नाव पडल्याने गोंधळ होणारच.

इसवी सन १०० च्या सुमारास शू शन या विद्वानाने चिनी अक्षरांचा प्रसिद्ध कोश सिद्ध केला. त्यात ९,३५३ अक्षरे आहेत. स्तूपाचे अक्षर त्यात नाही. पुढे तांग काळातील एका बौद्ध शब्दकोशकाराने नोंदवले, की हे अक्षर जुन्या ग्रंथांत सापडत नाही, चौथ्या शतकातील ग हुंग या लेखकाच्या कोशात तेवढे मिळते. इ. स. ९८६ मध्ये शू शनच्या कोशाची सुधारित आवृत्ती निघाली, तेव्हा हे अक्षर पुरवणीत घालण्यात आले. अर्थ दिला तो पश्चिमेकडील प्रदेशातील 'फू-थू' असा. थोडक्यात, बाहेरून आलेल्या पाहुण्याची अधिकृत नोंद व्हायला कित्येक शतके लागली. तोपर्यंत लोक त्याला वापरून मोकळे झाले होते.

'स्तूप' की 'थूप'?

येथे महाराष्ट्राचा संबंध येतो. आज आपण 'स्तूप' म्हणतो. हे संस्कृत रूप. पण दोन हजार वर्षांपूर्वी लोक बोलत ती प्राकृत भाषा होती आणि तिच्यात शब्द होता 'थूप'. पाली ग्रंथांतही तोच आहे.

याचा पुरावा महाराष्ट्रातील दगडांवरच आहे. पुणे जिल्ह्यातील मावळात भाजे लेण्यांजवळ १४ लहान-मोठ्या स्तूपांचा समूह आहे. त्यातील काहींवर ब्राह्मी लिपीत स्थविर भिक्खूंची नावे कोरलेली असून स्तूपासाठी 'थूप' हाच शब्द वापरला आहे. जवळच्या बेडसे लेण्यातही अशीच नोंद आहे. अरण्यात राहणाऱ्या आणि भिक्षेवर जगणाऱ्या गोभूति नावाच्या भिक्खूचा 'थूप' त्याच्या शिष्याने करवून घेतला, असे तेथील लेख सांगतो.

'स्त'चा 'थ' होणे मराठीच्या अंगवळणी पडलेले आहे. पुस्तकाची पोथी झाली, मस्तकाचा माथा झाला, त्याच वळणाने स्तूपाचा थूप झाला. फरक इतकाच, की पोथी आणि माथा आपल्याकडे टिकले. थूप मागे पडला आणि संस्कृतातील स्तूप पुन्हा वापरात आला.

चिनी कानांनी जो शब्द ऐकला, तो 'थ'ने सुरू होणाऱ्या अशाच प्राकृत रूपाचा होता, असे भाषेचे अभ्यासक मानतात. त्यांनी त्यासाठी 'थाप-बा' अशा उच्चाराची दोन अक्षरे वापरली आणि पुढे त्यातील पहिलेच अक्षर पुरेसे ठरले. तेव्हाचा त्याचा उच्चार होता 'थाप'. मधला स्वर जुळत नाही, पण पहिले आणि शेवटचे व्यंजन नेमके तेच आहे. 'थूप' आणि 'थाप'.

हा शब्द महाराष्ट्रातून थेट चीनला गेला, असे मात्र नाही. बौद्ध धर्माचा चीनकडे जाणारा मुख्य खुष्कीचा मार्ग वायव्येकडील गांधार आणि मध्य आशियातून होता. शब्दही बहुधा त्याच वाटेने गेला. मात्र त्या काळात भाजे-बेडशातही तोच शब्द बोलला आणि कोरला जात होता, हे दगडावरून दिसते.

ह्युएन त्संगचा आक्षेप काय होता?

ह्युएन त्संग, म्हणजेच युआन श्वांग, शाळेच्या इतिहासात सर्वांना भेटलेला असतो. सातव्या शतकात हा चिनी भिक्खू भारतभर फिरला. इ. स. ६४१ च्या सुमारास तो चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या राज्यात, महाराष्ट्रात आला. त्याने 'महाराष्ट्र' हे नाव चिनी अक्षरांत लिहून ठेवले. आजच्या चिनी उच्चारात ते साधारण 'मो-ह-ला-छा' असे वाचले जाते. येथील लोक स्वाभिमानी, उपकाराची जाण ठेवणारे आणि अपमान न विसरणारे आहेत, असे त्याने लिहिले. डोंगरदरीत कोरलेल्या एका भव्य विहाराचे वर्णनही त्याने केले आहे. ते अजिंठ्याचेच असावे, असे अनेक अभ्यासक मानतात.

नालंदा येथे संस्कृत शिकलेला हा पंडित चीनला परतला आणि इ. स. ६४६ मध्ये त्याचे प्रवासवर्णन पूर्ण झाले. त्यात स्तूपासाठी त्याने तीन अक्षरांचा शब्द वापरला. आजच्या उच्चारात तो 'सू-तू-पो' असा होतो. चिनी भाषेत जोडाक्षर नाही. त्यामुळे 'स्तू' लिहायला दोन अक्षरे आणि 'प'ला तिसरे. संस्कृत मूळ जितके जवळ आणता येईल तितके आणायचे, हा त्याचा आग्रह.

एवढ्यावर तो थांबला नाही. लोक स्तूपाला जे जुने शब्द वापरत होते, त्यांची यादी त्याने दिली. 'फू-थू' त्यात होता आणि 'थाप-बा'ही होता. ही सगळी रूपे बिघडलेली आहेत, असा शेरा त्याने मारला.

त्याच्या बाजूने एक गोष्ट खरी होती. संस्कृतशी ताडून पाहिले, तर 'सू-तू-पो' जास्त अचूक आहे. पण 'थाप' चुकीचा नव्हता. तो फक्त संस्कृतातून आलेला नव्हता. ज्या भिक्खूंनी आणि व्यापाऱ्यांनी तो शब्द आधी नेला, ते 'स्तूप' नव्हे तर 'थूप'सारखे काहीतरी म्हणत होते. पंडिताने बोलीतील शब्दाला संस्कृतची फूटपट्टी लावली.

पुढे काय झाले? 'सू-तू-पो' ग्रंथांत राहिला. रस्त्यावर, बाजारात आणि नकाशावर 'था' राहिला.

उच्चारातील 'प' कुठे गेला?

सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचा 'थाप' आज प्रत्येक देशात वेगळ्या रूपात ऐकू येतो. रोमन लिपीत 'टी' हे अक्षर पाहून आपण अनेकदा 'टा' किंवा 'टॅप' असे वाचतो. देवनागरीत 'त' आणि 'थ' वेगळे असल्याने खरा उच्चार आपल्याला अधिक नीट लिहिता येतो.

• बीजिंगची प्रमाण चिनी: 'था'. शब्दाच्या शेवटचे 'प', 'त', 'क' उत्तरेकडील चिनी बोलींत गळून गेले. त्यात हा 'प'ही गेला.

• हाँगकाँग आणि ग्वांगझूची कॅन्टोनीज: 'थाप'. येथे शेवटचा 'प' अजून आहे. तो ओठ मिटून अर्धवट उच्चारला जातो.

• कोरियन: 'थाप'. कोरियात आता हांगुल ही स्वतंत्र लिपी वापरली जाते. चिनी अक्षर रोजच्या वापरातून गेले, उच्चार राहिला.

• व्हिएतनामी: 'थाप', चढत्या सुरात. तेथे रोमन लिपी आली. अक्षर गेले, पण 'थ' आणि 'प' दोन्ही शाबूत राहिले.

• जपानी: 'तो', लांबवून. जुन्या जपानीत तो 'तापु'सारखा होता. त्याचा पुढे 'ताफु' आणि शेवटी 'तो' झाला. अक्षर मात्र जपानने जपले. सर्वसामान्य वापरासाठी जपान सरकारने ठरवलेल्या २,१३६ अक्षरांच्या यादीत ते आहे.

गंमत अशी, की ज्या दोन देशांनी अक्षर सोडले, त्यांनी आवाज सांभाळला. जपानने अक्षर सांभाळले आणि आवाज बदलला. मराठीत 'थाप मारणे' म्हणजे खोटे सांगणे. ही थाप मात्र खरी आहे.

घुमटाचा मनोरा कसा झाला?

येथे एक प्रश्न उरतो. आपला स्तूप अर्धगोल, जमिनीला धरून बसलेला. चीनमधील 'था' मात्र उंच, अनेक मजली. दोन्ही एकच कसे?

उत्तर स्तूपाच्या माथ्यावर आहे. भारतीय स्तूपात खाली गोल अंड, त्यावर चौकोनी हर्मिका आणि त्यावर छत्र असते. कार्ले येथील चैत्यगृहात स्तूपावरील मूळ लाकडी छत्र दोन हजार वर्षांनंतरही पाहायला मिळते. पुढच्या काळात छत्रांची संख्या आणि उंची वाढत गेली. अजिंठ्याच्या १९ क्रमांकाच्या लेण्यात एकावर एक तीन छत्रे आहेत आणि स्तूप छताला भिडल्यासारखा दिसतो. तेथे लक्ष आधी गोल भागाकडे जात नाही, उंचीकडे जाते.

चीनमध्ये या उभ्या रेषेला तेथील बहुमजली लाकडी इमारतींच्या परंपरेची जोड मिळाली. छत्रांच्या जागी मजले आले आणि घुमट जवळजवळ नाहीसा झाला. चीनमधील हनान प्रांतात इ. स. ५२३ च्या सुमाराचा विटांचा सुंगयुए स्तूप आजही उभा आहे. त्याला बारा बाजू आहेत आणि एकावर एक दाट कंगोऱ्यांचे थर. शान्शी प्रांतातील यिंगशियान येथे इ. स. १०५६ मधील लाकडी 'था' आहे. त्याची उंची ६७ मीटरहून अधिक.

वास्तू उंच झाली, तसा अक्षराचा अर्थही सरकला. 'अवशेष ठेवण्याची जागा' हा अर्थ मागे पडून 'उंच, निमुळती वास्तू' हा अर्थ पुढे आला. एकदा हे झाल्यावर धर्माशी संबंध नसलेल्या वस्तूंनाही ते नाव चालू लागले.

• 'श्वेइ-था', म्हणजे पाण्याचा स्तूप: पाण्याची उंच टाकी.

• 'तंग-था', म्हणजे दिव्याचा स्तूप: दीपगृह.

• 'था-थाइ', म्हणजे स्तूपाचा मंच: विमानतळाचा कंट्रोल टॉवर.

• 'थिए-था', म्हणजे लोखंडी स्तूप: विजेचा मनोरा. आयफेल टॉवरच्या चिनी नावातही हाच शब्द आहे.

• 'चिन-त्स-था': इजिप्तचा पिरॅमिड. 'सोने' या अर्थाचे चिनी अक्षर वर निमुळते आणि खाली रुंद असते. त्या अक्षराच्या आकाराचा स्तूप तो पिरॅमिड.

मोबाइल टॉवरचेही तेच. चीनमधील तीन सरकारी दूरसंचार कंपन्यांनी २०१४ मध्ये टॉवर सांभाळण्यासाठी एक सामायिक कंपनी काढली. आज ती जगातील सर्वांत मोठी टॉवर कंपनी मानली जाते आणि तिच्याकडे सुमारे २० लाख ठिकाणे आहेत. तिच्या चिनी नावाचा शब्दशः अर्थ 'चीन लोखंडी स्तूप' असा होतो. नाव वाचणाऱ्या चिनी ग्राहकाला त्यात बुद्ध आठवत नाही. आपल्याला 'पंक्चर' म्हणताना इंग्रजी आठवत नाही, तसेच.

जपानमध्ये स्मशानापासून रेडिओ टॉवरपर्यंत

जपानमध्ये या अक्षराची दोन टोके पाहायला मिळतात. एक टोक स्मशानात. जपानी कबरींच्या मागे उंच, अरुंद लाकडी फळ्या उभ्या केलेल्या दिसतात. त्यांना 'सोतोबा' म्हणतात. हा स्तूप शब्दच आहे, थोड्या लांब रूपात. फळीच्या वरच्या टोकाला खाचा पाडून पाच आकार केलेले असतात. ते पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आकाश या पंचमहाभूतांचे प्रतीक. अनेक फळ्यांवर त्या पाचांची बीजाक्षरे सिद्धम लिपीत लिहितात. खालून वर वाचली तर ती अशी: अ, व, र, ह, ख. सिद्धम ही देवनागरीच्याच घराण्यातील भारतीय लिपी. भारतात ती वापरातून गेली. जपानी भिक्खू ती आजही लिहितात.

दुसरे टोक टोकियोत. १९५८ मध्ये उभारलेला ३३३ मीटर उंचीचा टोकियो टॉवर लोक 'तावा' या इंग्रजीवरून घेतलेल्या शब्दाने ओळखतात. पण त्याच्या अधिकृत जपानी नावाचा अर्थ 'जपान रेडिओ लहरी स्तूप' असा होतो आणि त्यात शेवटी हेच अक्षर आहे.

२०१२ मध्ये खुल्या झालेल्या ६३४ मीटर उंचीच्या टोकियो स्कायट्रीच्या नावात हे अक्षर नाही, पण रचनेत स्तूप आहे. जपानमधील पाच मजली लाकडी स्तूपांत मधोमध एक मोठा खांब असतो. सातव्या-आठव्या शतकाच्या सुमाराचा होर्यूजीचा स्तूप भूकंपाच्या देशात आजवर उभा आहे. स्कायट्रीच्या मध्यभागी काँक्रीटचा स्तंभ असून बाहेरच्या पोलादी सांगाड्यापासून तो बराचसा वेगळा ठेवला आहे. भूकंपात दोघे वेगवेगळ्या लयीत हलतात आणि एकूण हादरा कमी होतो. अभियंत्यांनी या स्तंभाला नाव दिले ते स्तूपातील खांबाचेच, 'शिम्बाशिरा'.

कोरिया आणि व्हिएतनाममध्ये काय?

कोरियाची ओळख दगडी स्तूपांसाठी आहे. ग्योंगजू शहरातील बुलगुक्सा मंदिरात आठव्या शतकातील दोन स्तूप समोरासमोर आहेत. त्यातील 'दाबोथाप' कोरियाच्या १० वॉनच्या नाण्यावर आहे. दुसऱ्या 'सोक्काथाप' या स्तूपात १९६६ मध्ये दुरुस्तीच्या वेळी लाकडी ठशांनी छापलेले एक धारणीसूत्र सापडले. जगातील सर्वांत जुन्या छापील ग्रंथांत त्याची गणना होते. राजधानी सोलमधील 'थापगोल' उद्यानाचे नावही तेथील जुन्या स्तूपावरूनच पडले. १ मार्च १९१९ रोजी जपानी राजवटीविरुद्धचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा लोकांसमोर वाचला गेला तो याच उद्यानात.

व्हिएतनामची राजधानी हनोई येथील तळ्यात छोटासा 'कासव थाप' आहे. मध्य व्हिएतनाममधील चाम राजांची जुनी विटांची देवळेही 'थाप'च. त्यातील अनेक शिवाची आहेत. म्हणजे बौद्ध स्तूपाचा शब्द तेथे शिवमंदिरालाही लागला. पाण्याची टाकी आणि आयफेल टॉवर यांनाही तेथे 'थाप'च म्हणतात.

'टाटा'च्या नावात स्तूप कसा?

परदेशी नावे लिहिताना चिनी भाषा अक्षराचा अर्थ बाजूला ठेवून नुसता आवाज वापरते. 'टा' किंवा 'ता' आवाजासाठी अनेकदा हेच अक्षर निवडले जाते. ताजिकिस्तानच्या नावात पहिले अक्षर हेच. 'टाटा' या उद्योगसमूहाचे चिनी नाव तर हेच अक्षर दोनदा लिहून होते, 'था-था'. शब्दशः वाचले तर 'स्तूप-स्तूप'. तैवानमध्ये अंडे घालून केलेल्या गोड टार्टच्या नावातही हेच अक्षर आहे.

भारतीय आवाज लिहिण्यासाठी बनलेले अक्षर आज पुन्हा भारतीय कंपनीचा आवाज लिहिते. फरक इतकाच, की या वेळी अर्थाशी कोणाला देणेघेणे नाही.

फोनमध्ये एकच क्रमांक, आकार मात्र वेगळे

आपल्या फोनमध्ये प्रत्येक अक्षराला युनिकोडचा एक क्रमांक असतो. मराठीतील 'ळ'चा क्रमांक ०९३३. स्तूपाच्या अक्षराचा ५८५४. चिनी, जपानी किंवा कोरियन, कोणत्याही भाषेत लिहा, क्रमांक हाच. वरचे गवताचे चिन्ह सलग काढायचे की मध्ये तोडून, यात देशागणिक फरक पडतो, पण तो क्रमांकाने नाही तर फाँटने ठरतो.

हे मराठी वाचकाला सहज समजेल. मराठी 'ल' आणि 'श' यांचे वळण हिंदीपेक्षा वेगळे आहे, तरी दोघांचा क्रमांक एकच. म्हणूनच काही फोनवर मराठी मजकुरात हिंदी वळणाचा 'ल' दिसतो. जपानी वाचकाला फोनवर चिनी वळणाची अक्षरे दिसली, की त्यालाही असेच खटकते.

मग बरोबर कोण ठरले?

चिकलठाण्याला लागून असलेल्या मुकुंदवाडीसाठी या भाषा आता फार दूरच्या नाहीत. अजिंठा-वेरूळ पर्यटन विकास प्रकल्पाला जपानचे कर्ज मिळाले आणि त्यातून चिकलठाणा विमानतळाचे कामही झाले. याच जालना रस्त्यावर पुढे शेंद्र्याच्या ऑरिक वसाहतीत कोरियाच्या ह्योसंग कंपनीचा कारखाना आहे. नोकरीसाठी किंवा पर्यटकांसाठी या भाषा शिकू पाहणाऱ्यांना शेकडो अक्षरे अगदी परकी वाटतात. त्यातील निदान एक तरी परके नाही.

शहराच्या उत्तरेला, बीबी का मकबऱ्याच्या मागच्या डोंगरात औरंगाबाद लेणी आहेत. त्यातील क्रमांक ४ चे लेणे हे चैत्यगृह. तेथे आत एक साधा, गोल स्तूप आहे. कोरियातून किंवा व्हिएतनाममधून आलेला पर्यटक त्याच्यासमोर उभा राहून 'थाप' म्हणाला, तर तो त्याची भाषा बोलत असतो आणि दोन हजार वर्षांपूर्वी मावळात कोरलेला शब्दही.

ह्युएन त्संगच्या आक्षेपाचे काय झाले, तेही सांगायला हवे. भारतातून नेलेले ग्रंथ सुरक्षित राहावेत म्हणून इ. स. ६५२ मध्ये त्याच्या पुढाकाराने आजच्या शिआन शहरात एक स्तूप बांधला गेला. पुढे त्याची पुनर्बांधणी झाली. सात मजली, सुमारे ६४ मीटर उंचीची ती वास्तू आज शहराची ओळख आहे. तिच्यावरून शहरातील एका भागाला आणि मेट्रो स्थानकाला नाव मिळाले. त्या वास्तूचे नाव 'ता-येन-था', म्हणजे मोठा हंस स्तूप. नावातील शेवटचे अक्षर तेच आहे, जे ह्युएन त्संगने बिघडलेल्या रूपांच्या यादीत टाकले होते.